एकतीस अक्षरांचा अर्ज

माझे साडू हायकू लिहितात. हे वाक्य मी इथे जितक्या शांतपणे लिहिले आहे, तितक्या शांतपणे आमच्या घरात ते कधीच उच्चारले गेलेले नाही. माझी बायको जेव्हा "भावोजी हायकू लिहितात" असे म्हणते, तेव्हा वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नसतो, माझ्याकडे टाकलेला एक कटाक्ष असतो.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. ताक पानात पडायच्या आत साडूंनी डोळे मिटले, उजवा हात पुढे केला आणि म्हणाले, "तळ्यात ढग... मासा ढगात जातो... मी काठावर." मग थांबले. आम्हाला वाटले, पुढे काहीतरी आहे. पुढे काही नव्हते. हायकू तीनच ओळींचा असतो. त्यांनी तो आणखी दोनदा म्हटला, कारण हायकू इतका लहान असतो की पहिल्या वेळी लोक वाढण्यातच गुंतलेले असतात. तिसऱ्या वेळी माझ्या बायकोने पदराने डोळे टिपले. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली. माझ्या बोलण्याने तिच्या डोळ्यांत पाणी आल्याचे मला आठवत नाही. म्हणजे चांगल्या अर्थाने आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेलो आणि तिथल्या बाईंना विचारले, "जपानीच, पण तीनपेक्षा जास्त ओळींचं काही आहे का?"

त्यांनी तांका या काव्यप्रकारावरचे एक पातळसे पुस्तक काढून दिले. तांका पाच ओळींचा. पाच, सात, पाच, सात, सात अशी अक्षरे, बेरीज एकतीस. साडूंपेक्षा पुऱ्या दोन ओळी जास्त! विषय म्हणाल तर निसर्ग आणि रोजचा साधा संसार. वरच्या तीन ओळींत एखादे दृश्य मांडायचे आणि खालच्या दोन ओळींत मनाने एक वळण घ्यायचे. हे वाचले आणि मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. अहो, हे तर आपले कीर्तन! आधी पूर्वरंग, मग उत्तररंग. जन्मभर ज्याने बुवांच्या समोर पहिल्या रांगेत मांडी घातली, त्याला ही जपानी मंडळी काय नवीन शिकवणार? फरक एवढाच, की आमचे बुवा अडीच तास घेतात आणि ते लोक एका श्वासात आटोपतात. त्यांच्याकडे टाळकरी नसावेत.

सोपे वाटले होते. सोपे नाही, हे मी पहिल्या आठवड्यातच मान्य करून टाकतो. एकतीस अक्षरे मोजायला माणसाला दहाच बोटे दिली आहेत. मी चालताना मोजू लागलो, आंघोळीत मोजू लागलो, कीर्तनात टाळी वाजवता वाजवता मोजू लागलो आणि माझी टाळी चुकली. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. घरी मी "चहा निवला" अशी पहिली ओळ लिहिली, तर बायको म्हणाली, "निवला कुठं? आत्ता तर वाफाळता आणून दिलाय!" पण उरलेल्या चार ओळी जुळेपर्यंत तो निवला, म्हणजे ओळ खरी ठरली. तिने तो पुन्हा गरम करायला साफ नकार दिला, हेही नमूद करतो.

कचेरीत तर कठीणच प्रसंग आला. एक गृहस्थ खिडकीशी येऊन काकुळतीने म्हणाले, "नळाला पाणी नाही." माझी बोटे टेबलाखाली हलली आणि तोंडातून निघून गेले, "वा! बरोबर सात!" त्या गृहस्थांनी पाण्याची तक्रार राहू दिली आणि माझी तक्रार वर केली.

कचेरीचा विषय निघालाच आहे तर माझे काम सांगतो, कारण पुढचे सगळे रामायण त्या कामातून घडले. मी नगरपालिकेत आवक-जावक टेबलावर बसतो. गावातून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्यासमोर येतो. मी त्यावर शिक्का मारतो, क्रमांक घालतो, नोंदवहीत विषय लिहितो; मग शेजारच्या टेबलावरच्या बाई तो ज्या त्या विभागाला धाडतात. सत्तावीस वर्षे हेच चालले आहे. आता या कामाला डोके लागत नाही, हात आपोआप चालतो. टेबलावर कागद आला की शिक्का पडतो. बाईंनी एकदा आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मोठ्या आनंदाने माझ्यापुढे ठेवली. तिच्यावरही शिक्का पडला. ती पत्रिका बांधकाम विभागात गेली आणि चार दिवसांनी "मंडपास हरकत नाही" असा शेरा घेऊन परत आली. बाई अजून अधूनमधून त्याची आठवण काढतात.

तर त्या मंगळवारी दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारला आणि अचानक मला तांका सुचला. मी राहतो त्या इमारतीच्या फाटकाशी एक जुने झाड आहे. त्याच्यावरूनच सुचला. एका झटक्यात, एकही अक्षर कमी-जास्त न होता कागदावर उतरला:

वाळली फांदी
दारात वाट पाहे
खाली पडाया
कुणी तरी येऊन
मोकळी करील का?

तुम्ही जाणकार आहात, तुम्हाला अर्थ सांगायला नको, तरी सांगतो. फांदी म्हणजे हा आपला थकलेला जीव. दार म्हणजे देवाचे दार. आणि "कुणी तरी" म्हणजे कोण, हे ज्याने एक जरी कीर्तन मन लावून ऐकले आहे त्याला कळेल. माझेच डोळे भरून आले. मी खाली माझे पूर्ण नाव लिहिले, राहण्याचा पत्ता लिहिला, तारीख घातली आणि सही केली. सत्तावीस वर्षांत बिननावाचा, बिनपत्त्याचा कागद मी कुणाकडून घेतलेला नाही. तसा कागद मी स्वतः लिहिणार कसा? मग तो समोर ठेवला, पाण्याचा तांब्या भरायला उठलो, परत आलो. दुपारचे टपाल येऊन पडले होते. मी शिक्का उचलला.

संध्याकाळी पाच वाजता निघताना तांका खिशात घालावा म्हणून शोधू लागलो. टेबलावर नाही, खणात नाही, डब्याच्या पिशवीत नाही. एक भयंकर शंका मनात आली आणि मी नोंदवही उघडली. आवक क्रमांक चार हजार चारशे सतरा. विषय: "वाळली फांदी मोकळी करणेबाबत." अक्षर माझेच होते. चांगले वळणदार होते.

"बाई, हा कागद कुठं गेला?"

"उद्यान विभागाला. झाडाचं होतं ना काहीतरी?" बाई पर्स उचलत म्हणाल्या. "का? यात पण लग्न होतं का कुणाचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडता उघडता मी दुसऱ्या मजल्यावर उद्यान निरीक्षकांसमोर उभा राहिलो. मनात म्हटले, घाबरण्याचे कारण नाही. या कचेरीत कागद तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर पोचायला आठवडा लागतो आणि हलायला वर्ष. कागद तिथेच पडला असेल, उचलायचा आणि यायचे. पण निरीक्षक मला पाहताच खुर्चीतून उठले.

"या, या, आवकवाले! अहो, अर्ज म्हणावा तर तुमचा! आमच्याकडे लोक चार-चार पानं लिहितात. झाड कुणाच्या आजोबांनी लावलं, तिथपासून सुरुवात. तुमचं बघा. पहिल्या ओळीत काय झालंय ते. दुसरीत कुठं. तिसरीत धोका. चौथी-पाचवीत मागणी. संपलं! मी सगळ्या विभागाला उभं राहून वाचून दाखवला. लगेच मंजूर करून टाकला. शुक्रवारी माणसं येतील."

माझ्या कवितेचे पहिले जाहीर वाचन असे झाले. मी नसताना, खतांच्या पोत्यांमध्ये.

"साहेब," मी म्हटले, "तो अर्ज नाहीये. तांका आहे. म्हणजे जपानी कविता."

त्यांनी कागद पाहिला, मग मला पाहिले. "पत्ता तर इथलाच आहे."

"पत्ता माझा आहे, कविता जपानी पद्धतीची आहे. यातली फांदी ही फांदीच नाही, साहेब. फांदी म्हणजे जीव. जीव तळमळतोय, आता कुणीतरी सोडवावं म्हणून..."

"जीव?" निरीक्षक गंभीर झाले. "कुणाच्या जिवाला धोका आहे? हे आधी नाही का सांगायचं!" आणि त्यांनी लाल शाईने कोपऱ्यात "तातडीचे" असे लिहिले.

कवितेचा अर्थ कवीने स्वतः सांगू नये, असे त्या पातळ पुस्तकात बहुधा असावे. ते प्रकरण वाचायचे राहून गेले होते.

"निदान फांदीपुरतं तरी बघा," मी काकुळतीला येऊन म्हणालो. "सगळं झाड कशाला?"

"फांदीचा छापील नमुना वेगळा असतो. तो संपलाय. सध्या झाडाचाच आहे."

"मग मला माझा कागद परत द्या."

"क्रमांक कुणी घातला त्याच्यावर?"

मी शाईचे बोट मुठीत लपवले.

"तुम्हीच. क्रमांक पडलेला कागद निकाली निघाल्याशिवाय बाहेर जात नाही, हे दर बैठकीत कोण सांगतं? तुम्हीच. आता असं करा. ही कविता आहे असं एखाद्या जाणकाराचं लेखी प्रमाणपत्र आणा. जाणकार म्हणजे ज्याचं काहीतरी छापून आलंय असा. आपण मग बघू."

ज्याचे काहीतरी छापून आले आहे असा माझ्या ओळखीत एकच मनुष्य होता. त्यांच्या कंपनीच्या स्मरणिकेत आले होते. तळे, ढग, मासा.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा झाडाच्या बुंध्यावर लाल रंगाची मोठी फुली होती आणि पहिल्या मजल्यावरचे गाडीवाले तिच्याशेजारी उभे राहून ती कौतुकाने पाहत होते. त्यांची नवी गाडी त्या झाडाखाली उभी असते आणि पाखरे तिला दररोज नवी नक्षी काढून देतात.

"काका! मानलं तुम्हाला!" त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "मी सहा वर्षं अर्ज करतोय हो. तुमचा एका दिवसात! काय लिहिलंत? जरा नमुना द्या ना."

नाही म्हणेपर्यंत बातमी जिन्याने वर गेली होती. रात्रीचे जेवण व्हायच्या आत तिघे जण येऊन गेले. एकाला जिन्यातल्या दिव्यासाठी पाच ओळी हव्या होत्या, दुसऱ्याला गटारासाठी. तिसरे सेवानिवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "पाच ओळी पुरे, पण शेवटी 'आपला नम्र' हवं, त्याशिवाय साहित्याला भारदस्तपणा येत नाही." माझ्या प्रतिभेला एवढी मागणी येईल असे वाटले नव्हते. यायची होती तर ती गटाराकडून यायला नको होती.

बायकोने सगळे ऐकून घेतले आणि एकच वाक्य बोलली. "भावोजींच्या हायकूनं आजवर एक पानसुद्धा गळलं नाही."

पण खरे सांगायचे तर तिच्या बोलण्याचे मला फारसे लागले नाही. लागले ते खाली फाटकाशी. त्या झाडाखाली किल्लीवाले बसतात. एक लहान टेबल, त्याला बसवलेला, किल्ली आवळून धरणारा पकडा, कानशी, आणि खिळ्यांना टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. एकोणीस वर्षे ते तिथे आहेत. त्यांच्या पाटीवर लिहिले आहे: "किल्ल्या करून मिळतील. झाडाखाली." मी दुकानातून दूध घेऊन परतलो, तेव्हा ते कानस चालवत होते.

"साहेब, शुक्रवारचं खरं का?"

"मी थांबवतोय ते," मी म्हटले. "चूक झालीय. माझीच. पण तुम्ही समोरच्या भिंतीकडेला बसू शकाल ना, अगदीच वेळ आली तर?"

"नाही." त्यांनी टेबलाच्या खणातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला परवाना काढला. "जागेच्या रकान्यात बघा. 'झाडाखाली' लिहिलंय. झाड नाही तर जागा नाही, जागा नाही तर परवाना नाही. तुमच्याच कचेरीचा कागद आहे."

वर कोपऱ्यात आवक शिक्का होता. तो कुणाच्या हातचा, हे सांगायची गरज नाही.

"मी थांबवतो," मी पुन्हा म्हणालो.

"बरं," ते म्हणाले आणि किल्ली पकड्यात फिरवून घेतली. त्या "बरं"मध्ये राग असता तर मला बरे वाटले असते.

तसाच उलट्या पावली साडूंकडे गेलो. आठवणीने पुन्हा लिहून काढलेला माझा तांका साडूंनी हातात घेतला, दिव्याखाली धरला, चष्मा काढून पाहिला, चष्मा घालून पाहिला. माझ्या मेहुणीने, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतीने, मला पाणी दिले. डॉक्टरच्या खोलीबाहेर देतात तसे दिले.

"राव, राग मानू नका," साडू म्हणाले. "हा तांका नाही. ही मागणी आहे."

"मागणी नाही, आर्तता आहे."

"शेवटी प्रश्नचिन्ह आहे. 'मोकळी करील का?' आर्ततेला प्रश्नचिन्ह नसतं. नगरपालिकेनं अर्ज समजला यात त्यांची काही चूक नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही झाड तोडलं असतं."

"साडूभाऊ, एका माणसाचं पोट आहे त्या झाडावर. दोन ओळी लिहून द्या नुसत्या, की ही कविता आहे."

"साहित्यात माझ्या सहीला काही अर्थ आहे, राव." त्यांनी डोळे मिटले. मला धडकी भरली, आता मासा येतो की काय. पण त्यांनी डोळे उघडले आणि हळूच म्हणाले, "एक करता येईल. खालच्या दोन ओळी काढून टाका. वरच्या तीन राहतील. तो हायकू होईल. बऱ्यापैकी होईल. त्याला मी देतो सही."

वाचकहो, ज्या दोन ओळींसाठी मी हा सारा उद्योग मांडला, ज्या दोन ओळींनी मी या माणसाच्या वर चढणार होतो, त्याच दोन ओळी हा माणूस माझ्याकडे मागत होता! मी पाण्याचा पेला खाली ठेवला. डोळ्यांपुढे ती प्लास्टिकची पिशवी येत होती.

"काढा," मी म्हणालो.

त्यांनी सुरेख अक्षरात प्रमाणपत्र लिहिले: "सदर तीन ओळी हा हायकू असून माझ्या मते आश्वासक आहे." "आश्वासक" हा शब्द त्यांनी मला वाचूनही दाखवला.

गुरुवारी सकाळी ते प्रमाणपत्र निरीक्षकांपुढे ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले, माझा मूळ कागद काढून शेजारी ठेवला आणि पेन्सिलीने ओळी मोजल्या.

"छान. पहिल्या तीन ओळी कविता असल्याचं मान्य. त्या आम्ही वगळतो." त्यांनी तीन ओळींवर रेघ मारली. "राहिल्या दोन. 'कुणी तरी येऊन मोकळी करील का?' यावर कार्यवाही चालू राहील."

"अहो, पण आता त्यात झाडाचा उल्लेखसुद्धा नाही!"

"विषयात आहे ना. तुम्हीच लिहिलाय. 'करणेबाबत.'" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "उद्या मी स्वतः येतो. तोडायच्या आधी जागेवर पंचनामा होतो, दोन पंच लागतात. तिथं काय म्हणायचं ते म्हणा."

त्या दिवशी मी एकाही कागदावर चुकीचा शिक्का मारला नाही. प्रत्येक कागद उचलून दोन्ही बाजूंनी वाचला. खिडकीपुढची रांग दरवाज्याबाहेर गेली आणि साहेबांनी मला आत बोलावून विचारले, "तब्येत बरी आहे ना?"

शुक्रवारी दहाला निरीक्षक आले. बरोबर दोन कामगार, एक लांब करवत, दोराची वेटोळी. इमारतीतले सगळे खाली आले. जे आले नाहीत ते बाल्कन्यांत उभे राहिले. दुसऱ्या मजल्यावर माझी बायको. पंच म्हणून गाडीवाले न सांगता पुढे झाले आणि दुसरे म्हणून निरीक्षकांनी किल्लीवाल्यांना उभे केले. ते हात पुसत आले. आपल्या हातचे काम त्यांनी अर्धेच पकड्यात ठेवले होते.

"पंचांना मजकूर वाचून दाखवावा लागतो," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी पाचही ओळी वाचल्या. वगळलेल्यासुद्धा, कारण पंचनाम्यात वगळलेलेही वाचतात. अंगणात, सर्वांसमोर, रेशनच्या यादीच्या चालीवर. मी जमिनीकडे पाहत होतो.

"पहिली ओळ. वाळली फांदी. दाखवा, आवकवाले."

मी हात वर केला. "ती."

"कुठली?"

"ती काय... फाटकावरची."

किल्लीवाले पहिल्यांदाच बोलले. "ती वाळलेली नाही, साहेब."

"अहो, वाळलेलीच आहे!" गाडीवाले म्हणाले. "एक पान आहे का बघा."

"तिला उशिरा पालवी येते. बाकीच्यांच्या महिनाभर मागं. दर वर्षी." किल्लीवाल्यांनी आपले स्टूल आणले, त्यावर उभे राहून आकडीच्या काठीने फांदी खाली ओढली आणि तिचे टोक माझ्या तोंडासमोर धरले. मग खिशातून एक कोरी किल्ली काढली आणि सालीवर नखभर खरवडले. आत ओला, कोवळा हिरवा रंग होता. टोकाशी तांबूस कोंब होते, तांदळाएवढे. चौदा वर्षे मी त्या फांदीखालून दिवसातून दोनदा जातो.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला. "अहो! 'हिरवी फांदी'सुद्धा पाचच अक्षरं होतात की!"

महिनाभर माझे मोजणे ऐकून तीही मोजायला शिकली होती. साऱ्या अंगणाने वर पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. मी मनातल्या मनात मोजले. पाचच होत होती.

निरीक्षकांनी टोपी काढून डोके खाजवले. मला बाजूला घेतले. बाजूला म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

"आवकवाले, पंचाईत आहे. फांदी हिरवी, म्हणजे अर्जातली माहिती खोटी. खोट्या माहितीचा अर्ज कचेरीतल्याच माणसानं केला, तर मला वर कळवावं लागतं. तुमच्याकडे लेखी खुलासा मागतील, सेवापुस्तकात नोंद होईल. सत्तावीस वर्षं झाली ना तुमची? डाग नाही एक?"

"नाही."

"म्हणून सांगतो. 'वाळत चालली आहे' असं लिहू या आपण. तुम्हीही सुटाल, मीही. कामगार आलेच आहेत."

"वाळतच चाललीय!" गाडीवाले म्हणाले.

स्टुलावर उभे राहून किल्लीवाल्यांनी फांदी धरूनच ठेवली होती. माझ्या ध्यानात आले, की हा माणूस गेले दोन दिवस माझ्याकडे एकदाही गयावया करायला आला नव्हता. आत्ताही करत नव्हता. नुसता ती फांदी मला नीट दिसेल अशी धरून उभा होता.

आणि मी, जन्मभर कीर्तनात मान डोलावणारा माणूस! देवाच्या दारची आर्तता लिहायला निघालो आणि दारातल्या जित्या फांदीला पाच अक्षरांसाठी मेलेली ठरवून मोकळा झालो! ती मेलेली नसताना तिच्या सुटकेसाठी डोळे भरून आले होते माझे. मला इतका संताप आला, इतका संताप आला, की कुणाचा ते ठरवायलाच थोडा वेळ लागला.

"कागद द्या," मी म्हणालो. "खुलासा आत्ताच देतो."

"विचार करा, आवकवाले."

"द्या हो!"

किल्लीवाल्यांच्या टेबलावर वाकून मी लिहिले. एकच वाक्य झाले. मी सही केली, नाव लिहिले, पत्ता लिहिला, तारीख घातली. निरीक्षक म्हणाले, "पंचांसमोर मोठ्यानं वाचावं लागेल. ज्यानं लिहिलं त्यानंच."

मी घसा साफ केला. साडू या वेळी डोळे मिटतात. मी उघडे ठेवले.

"वरील मजकूर लिहिण्यापूर्वी मी हे झाड पाहिलेले नव्हते."

कुणी हसले नाही. गाडीवाल्यांनी गाडीवरची एक काडी उगाच झटकली. निरीक्षकांनी कागद हातात घेतला, वाचला, आणि "झाड तोडण्याचे प्रयोजन उरत नाही" असे त्याखाली लिहू लागले. किल्लीवाल्यांनी फांदी सोडली. ती सपकन वर गेली आणि थोडा वेळ हलत राहिली.

ते स्टुलावरून उतरले. "हे बरं लिहिलंत, साहेब," ते म्हणाले.

"याच्या आणखी दोन प्रती लागतील," निरीक्षक म्हणाले. "आणि सेवापुस्तकासाठी चौथी."

किल्लीवाल्यांनी टेबलावरचा पितळेचा भुगा फुंकरीने उडवून मला जागा करून दिली, आणि मी पुन्हा पहिल्यापासून लिहू लागलो. वेळ लागणार हे पाहून ते दोघे कामगार करवत बुंध्याला टेकवून तोवर सावलीला बसले.